एक संगणक, दोन कार्यप्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून मिळणारे नियमित सुरक्षा-साहाय्य समाप्त झाले. वैयक्तिक वापराच्या संगणकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वाढीव योजना कंपनीने जाहीर केली. तथापि ती मुदतवाढ होय, उपाय नव्हे. पुढील पायरी ‘विंडोज ११’ची. तिच्यासाठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या संगणकांपुरते बोलावयाचे तर साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशा अटी आहेत. आठव्या पिढीचे प्रोसेसर २०१७ साली बाजारात आले. त्यापूर्वी खरेदी झालेला संगणक कितीही सुस्थितीत असला, तरी या अटींपुढे तो बाद ठरतो.

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील, नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील वडनेर हे गाव डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार केला, तर त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. कपाशी, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या परिसरात ग्रामपंचायत, शाळा, सहकारी संस्था आणि सेवा केंद्र या ठिकाणी संगणक आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. नवल आहे ते तो बंद पडल्यावर दुरुस्त होण्याचे. जाणकार माणूस बहुधा हिंगणघाटहून, नाहीतर वर्ध्याहून वा नागपूरहून आणावा लागतो. आणि तो येईपर्यंत करआकारणीची नोंद, दाखल्यासाठी आलेला शेतकरी आणि शालेय पोषण आहाराची माहिती या तिन्ही गोष्टी थांबून राहतात. अशा ठिकाणी चालू स्थितीतील चार संगणक जडवस्तू नोंदवहीतून कमी करून नव्यांची मागणी नोंदवावी, की त्याच यंत्रांचे आयुष्य आणखी काही वर्षे वाढवावे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. तो गावाच्या पैशाचा आणि गावाच्या कागदपत्रांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ‘लिनक्स’. ते संपूर्ण उत्तर आहे असा दावा येथे करावयाचा नाही. विंडोज काढून न टाकता तिच्या शेजारी लिनक्स कशी बसवावी, दोघींचा संसार एका हार्डडिस्कवर कसा चालतो आणि त्यात कुरबुरी कोठे होतात, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे.

लिनक्स म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि त्यावर काम करणारा माणूस यांच्यामध्ये जी आज्ञावली उभी असते, ती कार्यप्रणाली. कळफलकावर दाबलेली कळ पडद्यावर उमटविणे, फाइल डिस्कच्या कोणत्या भागात ठेवली याची नोंद राखणे, प्रिंटरला कागद ओढावयास सांगणे ही सर्व कारकुनी तिची. कार्यालयात आवक-जावक सांभाळणारा लिपिक नसेल तर साहेबांच्या सहीलाही अर्थ उरत नाही, तसेच काहीसे हे आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षे वयाच्या विद्यार्थ्याने आपण अशी एक प्रणाली हौसेखातर लिहीत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ सालीच ‘ग्नू’ हा प्रकल्प घोषित केला होता. आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्यास असावे, ही त्या प्रकल्पामागील भूमिका. या दोहोंच्या संयोगातून आजची लिनक्स उभी राहिली. तिचा गाभा आपल्या खिशातील अँड्रॉइड भ्रमणध्वनीत आहे. आणि जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते, तीमधील सर्वच्या सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून याच गाभ्यावर चालत आली आहेत. तेव्हा ‘फुकट मिळते म्हणजे कमअस्सल असणार’ ही शंका आरंभीच बाजूस सारावयास हरकत नाही.

आपल्या देशातही तिचा परिचय नवा नाही. नव्वदीच्या दशकात, आंतरजालाची जोडणी मोजक्या शहरांपुरती असताना, ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या चकत्या वाटल्या आणि अनेक तरुणांनी त्यांवरूनच पहिले धडे गिरविले. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ या केंद्र सरकारच्या संस्थेने ‘बॉस’ या नावाने भारतीय भाषांसह चालणारी लिनक्सची आवृत्ती तयार केली. केरळ राज्याने आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्त स्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले, आणि २०२३ साली संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी लिनक्सवर आधारित ‘माया’ ही प्रणाली पुढे आणली. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात येथील प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हाती जे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले, त्यांतही लिनक्सच होती. ती मुले कोणती प्रणाली वापरीत आहेत याची चर्चा मोठ्यांनी केली. मुलांनी संगणक वापरला.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. चरखा या देशातच तयार व्हावा, त्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी निगा राखल्यास तो वीस वर्षे चालावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा ५ हून अधिक नसावा, अशा अटी त्या जाहीरनाम्यात होत्या. यंत्र विकत घेतानाच त्याच्या दुरुस्तीचा हिशेब मांडणारी ही अट आजच्या संगणक-खरेदीच्या निविदांत क्वचितच आढळते.

दोन्ही प्रणाली कशासाठी?

लिनक्स इतकी चांगली असेल तर विंडोज ठेवावीच कशाला, असे कोणी विचारील. उत्साही तरुण कार्यकर्ते तर विंडोज पुसून टाकण्याचाच सल्ला देतात. ग्रामपंचायतीच्या वा शाळेच्या संगणकासाठी आजच्या घटकेस हा सल्ला योग्य नाही, असे या लेखकाचे मत आहे.

याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. ग्रामपंचायतीचे पुष्कळसे काम आता ‘ई-ग्रामस्वराज’सारख्या संकेतस्थळांवर चालते. शिक्षकांचे वेतन, विद्यार्थ्यांची नोंद, सातबारा पाहणे, दाखल्यांचे अर्ज ही कामेही ब्राउझरमधूनच होतात. फायरफॉक्स वा क्रोम हे ब्राउझर लिनक्सवर तसेच चालतात. तेव्हा येथे अडचण नाही. पत्रव्यवहार, तक्ते आणि सादरीकरण यांसाठी ‘लिबर ऑफिस’ पुरेसे आहे. अडचण येते ती दोन वस्तूंपाशी. पहिली, रकमेच्या प्रदानासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरीची कळ, म्हणजे पेनड्राईव्हसारखे दिसणारे ते टोकन. दुसरी, आधार पडताळणीसाठी अंगठा घेणारे उपकरण. या उपकरणांची नोंदणीकृत सेवा प्रामुख्याने विंडोज व अँड्रॉइड यांच्यासाठी उपलब्ध असते. टोकनचे लिनक्ससाठीचे सॉफ्टवेअर काही उत्पादक देतात, काही देत नाहीत, आणि दिले तरी संबंधित संकेतस्थळावर ते चालेलच अशी खात्री नसते. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या दोन स्वाक्षऱ्या उमटल्याशिवाय पैसा हलत नसेल, तर ती स्वाक्षरी ज्या प्रणालीवर उमटते ती प्रणाली संगणकावर असलीच पाहिजे.

म्हणून व्यवहार्य वाटणी अशी की, स्वाक्षरी व अंगठा यांच्यापुरती विंडोज; बाकी लेखन, तक्ते, वाचन, विद्यार्थ्यांचा सराव आणि आंतरजालावरील नित्याचे काम लिनक्सवर. सुरक्षा-साहाय्य संपलेल्या विंडोजवर आंतरजालाचा वावर जितका कमी, तितका धोका कमी. तरीही आर्थिक व्यवहाराचा संगणक फार काळ साहाय्याविना ठेवणे बरे नव्हे. नवीन खरेदीसाठी निधी मर्यादित असेल तर पहिला नवा संगणक स्वाक्षरीच्या टेबलावर यावा आणि जुने लिनक्ससह शाळेस वा वाचनालयास द्यावेत.

मराठीचा प्रश्न

कार्यालयीन कामात खरा अडसर प्रणालीचा नसून फॉन्टचा असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. अनेक वर्षे आपल्याकडील मराठी मजकूर ‘श्रीलिपी’, ‘कृतिदेव’ किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’सोबत येणाऱ्या ‘डीव्ही-टीटी’ वर्गातील फॉन्टमध्ये टंकलिखित झाला. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे इंग्रजी अक्षराच्या अंगावर चढविलेला पोशाख असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की पोशाख गळून पडतो आणि पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसू लागतात. लिनक्सवर जुना ठराव उघडल्यावर असे झाले की ‘लिनक्सने फाइल खराब केली’ असा निष्कर्ष काढला जातो. फाइल जशीच्या तशी असते. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या विंडोज संगणकावरही ती अशीच दिसली असती.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे, आणि राज्य शासनानेही कार्यालयीन कामकाजासाठी युनिकोडचाच आग्रह धरला आहे. युनिकोडमधील मजकूर विंडोज, लिनक्स आणि भ्रमणध्वनी या तिन्हींवर सारखाच वाचता येतो. तेव्हा लिनक्स बसविण्याआधी जुन्या फॉन्टमधील महत्त्वाचे ठराव, करआकारणीच्या याद्या व दाखल्यांचे नमुने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. मात्र रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांच्या जागी त्या चुकतात, म्हणून रूपांतरित प्रत मूळ छापील प्रतीशी ताडून पाहणे अवश्य आहे. खातेदाराच्या आडनावातील एक रफार हरवला तर पुढे वारसनोंदीच्या वेळी त्याला खेटे घालावे लागतात.

टंकलेखनासाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक दोन्ही प्रणालींत मूळचाच असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी रचना असून एकदा बोटे बसली की प्रणाली बदलली तरी सवय बदलावी लागत नाही. लिनक्समध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट निवडला की काम भागते. ‘मुक्त’, ‘लोहित’ व ‘नोटो’ हे देवनागरी फॉन्ट विनामूल्य आहेत; तेच विंडोजवरही बसवून घ्यावेत, म्हणजे एकीकडे नीट मांडलेला तक्ता दुसरीकडे दीड पानावर पसरणार नाही.

बसविण्यापूर्वी

बहुतेक सर्व अनर्थ बसविण्याच्या पहिल्या अर्ध्या तासात घडतात, म्हणून या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे.

प्रथम, संगणकातील सर्व नोंदी बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. ‘कॉपी झाले’ एवढ्या संदेशावर विसंबू नये. नमुना १ ते ३३ पैकी जे संगणकावर आहेत त्यांची अद्ययावत छापील प्रत दप्तरी असावी. संगणक शासकीय मालमत्ता असल्यास कार्यालयप्रमुखाची लेखी संमती घ्यावी.

दुसरी गोष्ट ‘बिटलॉकर’ची. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज आपली डिस्क आपोआप कुलूपबंद करून ठेवते आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. संगणक सुरू होण्याच्या क्रमात बदल झाला की ही व्यवस्था सावध होते व ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक मागते. तो क्रमांक जवळ नसेल तर आतील माहिती गेली असेच समजावे. ते कुलूप कोणत्याही मेकॅनिकला उघडता येत नाही. तेव्हा विंडोजच्या सेटिंगमध्ये ही व्यवस्था चालू आहे का ते पाहावे, असल्यास क्रमांक कागदावर उतरवून कार्यालयाच्या कपाटात ठेवावा, आणि काम होईपर्यंत ती स्थगित करावी.

तिसरी गोष्ट ‘फास्ट स्टार्टअप’. संगणक बंद केल्यावर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. सकाळी लवकर उठता यावे म्हणून ती आपल्या कामाचा काही भाग डिस्कवर अर्धवट मांडून ठेवते. लेखापालाने रोकडवही उघडी ठेवून, बेरीज अर्धवट सोडून घरी जावे तसा हा प्रकार. त्या उघड्या वहीत लिनक्सने नोंद केली तर दोन्ही हिशेब बिघडतील, म्हणून लिनक्स तो भाग केवळ वाचण्यापुरता उघडते, किंवा उघडतच नाही. विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ही सोय बंद करावी.

यानंतर लिनक्स असलेला पेनड्राईव्ह तयार करावा. ८ जीबीचा पुरतो. उबुंटू, लिनक्स मिंट किंवा बॉस यांपैकी कोणतीही आवृत्ती घ्यावी. ४ जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रासाठी ‘एक्सएफसीई’ हे हलके रूप बरे. २ जीबीच्या यंत्रावर प्रणाली चालेल, परंतु आजची संकेतस्थळे चालणार नाहीत. ती चूक लिनक्सची नव्हे. जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी बसविली तर जुना संगणक ओळखू येऊ नये इतका चपळ होतो, आणि नव्या संगणकाच्या तुलनेत तो खर्च अल्प असतो.

पेनड्राईव्ह लावून संगणक सुरू करताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबली की लिनक्स काहीही न बसविता पेनड्राईव्हवरूनच चालू होते. लिनक्सची ही सर्वांत मोठी सोय होय, आणि तिचाच उपयोग सर्वांत कमी केला जातो. या अवस्थेत तासभर काम करून पाहावे. वायफाय मिळते का, ध्वनी येतो का, प्रिंटर छापतो का, मराठी उमटते का? जे येथे चालते ते पुढेही चालेल.

डिस्कवरील जागा मोकळी करावयाची ती विंडोजमध्ये राहूनच, तिच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून, ३० ते ५० जीबी पुरे. मग बसविताना ‘विंडोजच्या सोबत बसवा’ हा पर्याय निवडावा. त्याच्या शेजारीच ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय असतो. दोहोंमध्ये अंतर बोटभर आहे. हा पडदा येईल तेव्हा बोलणे थांबवावे, चहा बाजूला ठेवावा आणि दोन माणसांनी मिळून वाचावे.

आणखी एक सूक्ष्म बाब. संगणक सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत : जुनी ‘लेगसी’ आणि नवी ‘यूईएफआय’. विंडोज ज्या पद्धतीने बसलेली असेल त्याच पद्धतीने पेनड्राईव्ह सुरू करून लिनक्स बसवावी. दोघींच्या पद्धती भिन्न झाल्या तर दोन्ही प्रणाली डिस्कवर सुखरूप असूनही सुरुवातीच्या यादीत एकच दिसते.

नेहमीचे बिघाड

सर्वाधिक तक्रार अशी की, कालपर्यंत संगणक सुरू होताना दोन प्रणालींची यादी येत होती, आज थेट विंडोज उघडते. ही यादी दाखविणाऱ्या आज्ञावलीला ‘ग्रब’ म्हणतात. विंडोजने मोठे अद्ययावतीकरण केले की कधी कधी ती सुरू होण्याच्या क्रमात स्वतःला पहिल्या स्थानी नेऊन बसविते. लिनक्स नाहीशी झालेली नसते. यूईएफआय संगणकात सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलला की यादी परत येते. जुन्या लेगसी पद्धतीत मात्र पेनड्राईव्हवरून लिनक्स सुरू करून ‘बूट रिपेअर’ या साधनाने ग्रब पुन्हा बसवावी लागते. दोन्ही बाबतींत लिनक्स नव्याने बसविण्याची गरज नाही. घाईने पुन्हा बसविणारा तंत्रज्ञ आधीच्या फाइली घालवून बसतो.

याच्या उलट तक्रार म्हणजे यादीत विंडोजच दिसत नाही. २०२१ साली आलेल्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसरी प्रणाली शोधण्याचे काम सुरक्षिततेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेले असते. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये हा शोध चालू करून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा दिली की विंडोजचे नाव यादीत येते.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दोन शब्द दिसले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. यामागील कारण बहुतेक वेळा मानवी असते. कोणीतरी विंडोजमध्ये बसून ‘हा मोठा भाग कशाचा, कळत नाही’ म्हणून लिनक्सचा विभाग पुसलेला असतो. घराचा उंबरठा शिल्लक आहे, घर नाही, अशी ही स्थिती. यूईएफआय संगणकात सुरुवातीच्या यादीतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडला की विंडोज उघडते व काम सुरू होते; लेगसी संगणकास विंडोजच्या दुरुस्ती-पेनड्राईव्हची गरज लागते. लिनक्स काढून टाकावयाचीच असेल तर आधी विंडोजला क्रमात पहिले स्थान द्यावे आणि मगच विभाग पुसावा.

घड्याळाची तक्रार मोठी मजेदार आहे. लिनक्समध्ये काम करून विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. सकाळचे अकरा वाजले असताना संगणक साडेपाच दाखवितो. सेल गेला म्हणून मदरबोर्डवरील बॅटरी बदलली जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! खरे कारण असे की, संगणकाच्या आतील घड्याळ जागतिक वेळ दाखविते असे लिनक्स मानते, तर तेच घड्याळ स्थानिक वेळ दाखविते असे विंडोज मानते. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरविलेली असल्याने ती जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि नेमका तेवढाच फरक पडतो. लिनक्सला आतील घड्याळ स्थानिक वेळेनुसार ठेवण्यास सांगितले की दोघींचे एकमत होते. ही बाब केवळ गमतीची नाही. दाखल्यावरील वेळ, हजेरी आणि डिजिटल स्वाक्षरीवरील कालमुद्रा यांत साडेपाच तासांची तफावत लेखापरीक्षणात प्रश्न उपस्थित करू शकते.

विंडोजच्या भागातील फाइल लिनक्समध्ये दिसते पण जतन होत नाही, ही तक्रार आली की वर सांगितलेली उघडी वही आठवावी. विंडोजमध्ये जाऊन ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करावे, म्हणजे वही मिटली जाते. बळजबरीने लिहिण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात, त्या कार्यालयीन संगणकावर करू नयेत. दोन्ही प्रणालींना लागणाऱ्या फाइलींसाठी एक स्वतंत्र विभाग राखून ठेवणे उत्तम.

वायफाय मिळत नसेल तर ते आणणारी आज्ञावली उतरविण्यासाठी आंतरजाल हवे आणि आंतरजालासाठी वायफाय हवे, असा पेच पडतो. त्यावर उपाय भ्रमणध्वनी. तो केबलने संगणकास जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की लिनक्सला तात्पुरती जोडणी मिळते.

प्रिंटरच्या बाबतीत कंपनीगणिक अनुभव वेगळा आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी लिनक्समध्ये स्वतंत्र आज्ञावली तयार असते. कार्यालयांतून सर्रास आढळणारा कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर मात्र स्वतःच्या वेगळ्या भाषेत बोलतो. तो लिनक्सवर चालविता येतो, परंतु सुखासुखी नव्हे. तो ज्या संगणकास जोडलेला आहे तेथे पत्र पीडीएफ करून विंडोजमधून छापणे, हा मार्ग कमी त्रासाचा.

शेवटची बाब विजेची. विदर्भातील उन्हाळ्यात, किंवा पावसाळ्यातील वादळात, अद्ययावतीकरण अर्ध्यावर असताना वीज गेली तर पुन्हा सुरू झालेली लिनक्स काही वेळा दुरुस्तीच्या अवस्थेत थांबते व डिस्क तपासण्यास सांगते. ती तपासणी करू द्यावी. साधारणपणे प्रणाली पूर्ववत होते. अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण पूर्ण करण्याची आज्ञाही तिच्यात आहे. परंतु यूपीएसची बॅटरी मृत असेल तर तीवर खर्च करणे हे कोणत्याही आज्ञेपेक्षा अधिक उपयुक्त ठरेल.

शिकावयाचे कोणाकडे?

गावात एका माणसाने शिकून भागत नाही; त्याची बदली होते. संगणक परिचालक, एखादा शिक्षक आणि बारावी झालेला गावातील एखादा तरुण किंवा तरुणी अशा तिघांनी सोबत शिकावे. मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने लिनक्स, लिबर ऑफिस आणि इतर मुक्त आज्ञावलींवर लहान लहान ध्वनिचित्रफिती तयार केल्या असून त्यांतील अनेक मराठीत आहेत. त्या विनामूल्य उतरवून घेता येतात व नंतर आंतरजालाविना पाहता येतात. ज्या गावी जोडणी मधूनच जाते, तेथे हा गुण लहान नाही.

सरावासाठी कार्यालयाचा संगणक वापरू नये. शाळेच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला एखादा जुना संगणक निवडावा, त्यावर लिनक्स बसवावी, ग्रब मुद्दाम बिघडवावी आणि पुन्हा नीट करावी. प्रत्येक संगणकामागे एक पानभर नोंद लिहून ठेवावी : सुरुवातीची यादी आणणारी कळ कोणती, पद्धत यूईएफआय की लेगसी, कोणत्या विभागात काय आहे, बिटलॉकरचा क्रमांक कोणत्या कपाटात आहे, शेवटची प्रत कोणत्या तारखेस काढली. हे पान जडवस्तू नोंदवहीतील त्या संगणकाच्या नोंदीला जोडावे आणि कार्यभार सोपविताना किल्ल्यांबरोबर तेही सोपवावे.